जुन्या टर्फची दुरुस्ती: कोकणातला पाऊस, शेवाळ आणि उसवलेले जॉइंट

पऱ्ह्याकाठ (१४ ऑगस्ट)

नमस्कार. चिपळूणच्या अलीकडे आमच्या गावच्या क्रीडामंडळाचं छोटं टर्फ, म्हणजे प्लास्टिकच्या गवताचं मैदान आहे, १०० बाय ६० फूट. २०१७ साली घातलेलं. मी शाळेत खेळ शिकवते आणि गेली तीन वर्षं टर्फचं सगळं माझ्याकडे आहे. संध्याकाळी बॉक्स क्रिकेटचे स्लॉट जातात, त्यातून लाइटबिल आणि राखणदाराचा पगार भागतो. सकाळी साडेसहा ते आठ शाळेच्या मुली फुटबॉल खेळतात, त्यांच्याकडून काही घेत नाही.

मागच्या शनिवारी नववीतली एक मुलगी उत्तरेकडच्या गोलजवळ घसरली. मनगट मोडलं. तिथे शेवाळ धरलंय हे मला माहीत होतं, दोन दिवसांपूर्वीच मी ते पाहिलं होतं, तरी सराव घेतला. ही गोष्ट मनातून जात नाही. त्या दिवसापासून टर्फ बंद ठेवलंय.

आता अवस्था सांगते. उत्तरेकडे शेजारच्या जंगली बदामाची सावली पडते, तिथे बुळबुळीत हिरवा थर आहे. गवताच्या मधल्या दोन रोलचा जॉइंट साधारण १२ फूट उसवलाय आणि कडा वर उचलल्यात. क्रिकेटच्या क्रीजवर पाती पार झिजली आहेत. पाऊस थांबला तरी दोन-दोन तास पाणी साचून असतं, पूर्वी असं होत नव्हतं. २२ जुलै २०२१च्या पुरात टर्फवर कमरेएवढं पाणी होतं. तेव्हा पंपाने धुतलं होतं, आणि एका ठेकेदाराने पात्यांच्या मधे भरतात तो रबर दाणा वरून नवा टाकून दिला होता. मागच्या वर्षी शेवाळासाठी गाड्या धुणाऱ्याचा प्रेशर पंप मारला. आठ दिवस स्वच्छ दिसलं, मग परत तेच.

गणपतीनंतर तालुक्याच्या स्पर्धा आहेत. तोवर जॉइंट चिकटवून घेता येईल का? नवीन टर्फचा खर्च मंडळाला झेपणार नाही.

रोलवाला_ठाणे (१४ ऑगस्ट)

ताई, टर्फ बंद केलंत हे उत्तम केलंत. मी चौदा वर्षं टर्फ घालण्याचं आणि दुरुस्तीचं काम करतो, म्हणून आधी एकच सांगतो: आत्ता गम लावू नका. गणपतीनंतर लगेचही नको. जॉइंटला जो दोन डब्यांचा पीयू (पॉलियुरेथेन) गम लागतो, त्यातला हार्डनर पाण्याशी लगेच प्रतिक्रिया करतो. टर्फखालचा बेस ओला असला की गमाऐवजी फेस तयार होतो. वरून चिकटलेलं दिसतं, पण आत सगळे बुडबुडे. दसऱ्यानंतर, सलग आठ-दहा दिवस ऊन पडलं की हात घाला.

पण पाणी का साचतंय ते कळल्याशिवाय जॉइंट चिकटवून काही उपयोग नाही. सात-आठ वर्षांच्या टर्फचे जॉइंट आपोआप सुटत नाहीत, खालून सतत ओल राहिली की सुटतात. एक कोपरा उलटून बघा आणि सांगा:

पाठीमागचा काळा थर, म्हणजे बॅकिंग, नखाने खरवडल्यावर भुगा होतो का? पकडीने एक झुपका धरून ओढला तर सहज उपटून येतो का? पाती चिमटीत चोळल्यावर बोटाला हिरवी पूड लागते का? आणि स्वेटर विणायची सुई घ्या, दाण्यांत खाली बॅकिंगपर्यंत टोचा, दाण्याची खोली मोजा. निदान वीस ठिकाणी.

झुपके हाताने निघत असतील तर दुरुस्तीवर एक रुपयाही घालू नका असं मी सांगेन. नसतील तर हे टर्फ अजून काही वर्षं काढेल.

खडीमुरूम (१५ ऑगस्ट)

मी स्थापत्यवाला, टर्फवाला नाही, पण प्रश्न पाण्याचा आहे म्हणून लिहितो.

पाणी दोन ठिकाणी अडू शकतं: टर्फमध्ये किंवा टर्फखाली. दोन्हींचा इलाज वेगळा, त्यामुळे अंदाजाने उकरत बसू नका. सहा इंची पीव्हीसी पाइपाचा वीतभर तुकडा कापून घ्या. टर्फवर उभा धरा, बाहेरून कडेला मळलेली चिकणमाती दाबून बसवा म्हणजे पाणी बाजूने पळणार नाही. आत एक लिटर पाणी ओता आणि घड्याळ लावा. मग त्याच ठिकाणचं टर्फ उचलून खालच्या बेसवर तोच प्रयोग करा. बेस पाणी पितो आणि टर्फ पीत नाही, तर दाणे आणि बॅकिंगची भोकं तुंबली आहेत. बेसही पीत नसेल तर खालची ग्रिट, म्हणजे बारीक खडी, गाळाने बसली आहे.

दुसरं, उतार. गवंड्याची लेव्हल ट्यूब घेऊन मधली रेघ आणि दोन्ही कडा तपासा. मधून दोन्हीकडे उतार दिला असेल तर तुमच्या ३० फुटांत दोन ते साडेतीन इंच फरक हवा. त्याहून कमी निघाला तर बेस खचलाय. जांभ्याच्या मुरमावर रोलर नीट फिरवला नसेल तर पावसात असं होतं.

कोळंबीवाला (१५ ऑगस्ट)

शेवाळाबद्दल. ब्लीचिंग पावडर टाकू नका. तिच्यात चुना असतो, विरघळत नाही तो भाग दाण्यांत बसतो आणि आहेत ती भोकंही बंद होतात. आणि ब्लीच मारलेल्या जागी संडास धुण्याचं ॲसिड ओतण्याचा उद्योग कोणी करू नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

आमच्या कोळंबीच्या तळ्यांना बेंझाल्कोनियम क्लोराइड लागतं, सगळे बीकेसी म्हणतात. शेवाळावर ते चालतं, पाती आणि रबराला त्रास देत नाही. उघडीप बघून आधी कोरडंच झाडून थर काढा, मग डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात पाणी घालून फवारा, हातमोजे घालून. मात्र हे मासे आणि खेकड्यांना मारक आहे. तुमच्या नावातच पऱ्ह्या, म्हणजे ओढा आहे म्हणून कळकळीने सांगतो, फवारल्यावर दोन दिवस पाऊस नसेल असाच दिवस धरा. ऑगस्टमध्ये तो मिळणार नाही. तोवर नुसतं झाडणं.

आणि बदामाच्या फांद्या छाटून घ्या. सावली राहिली तर शेवाळ परत येणारच.

जुनामैदानी (१६ ऑगस्ट)

सगळं वाचलं. माझं मत वेगळं आहे. प्लास्टिकचं गवत कोकणात घालणंच चूक. उपटून टाका, तांबड्या मातीचं मैदान करा. आम्ही मातीवर खेळलो, गुडघे फुटले, पण पाय तयार झाले. टर्फ ऑक्टोबरच्या उन्हात तव्यासारखं तापतं, आणि ते रबराचे दाणे शेवटी कुठे जातात याचा विचार कोणी केलाय?

पऱ्ह्याकाठ (१६ ऑगस्ट)

काका, दाण्यांबद्दल तुमचं खरं आहे आणि मला ते लिहायलाच हवं होतं. पलीकडे ज्यांचं भातखाचर आहे, त्यांनी मागच्या लावणीला मला बोलावून दाखवलं. चिखल ओंजळीत घेतला तर त्यात काळे दाणे, खसखशीसारखे. त्या प्रेशर पंपानेच ते गेले असणार. मी त्यांची माफी मागितली. पण दाणे काही परत वेचता आले नाहीत.

मातीबद्दल मात्र ऐका. आमच्याकडे सपाट जागा म्हणजे भातशेती किंवा कातळ. शाळेचं मैदान जूनपासून सप्टेंबरपर्यंत चिखल असतं. मुलगे तरी कुठेही खेळतात, नदीवर जातात, रस्त्यावर खेळतात. मुलींना ते चार महिने घराबाहेर खेळायला जागाच नव्हती. टर्फ झाल्यावर पहिल्या पावसाळ्यात सहा मुली यायच्या, आता एकतीस येतात. पहाटे पाऊस कोसळत असतो आणि त्या छत्री बाजूला ठेवून आत धावतात. हे बंद करून त्यांना कुठे पाठवू, ते मला सुचत नाही. म्हणून दुरुस्ती.

ह्यूस्टनकर (१७ ऑगस्ट)

मी टेक्सासमधल्या ह्यूस्टनमध्ये राहते. इथली हवा मुंबईसारखीच दमट. या गवताला नाव मिळालं ते याच शहरात: इथलं अ‍ॅस्ट्रोडोम हे छप्पर असलेलं स्टेडियम १९६५मध्ये उघडलं, आत खरं गवत होतं. छपराच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या प्रकाशाने खेळाडूंचे डोळे दिपायचे, म्हणून तावदानं रंगवली आणि गवत मेलं. १९६६मध्ये तिथे कृत्रिम गवत घातलं, म्हणून ते अ‍ॅस्ट्रोटर्फ.

माझ्या मुलाच्या शाळेचं टर्फ पालक आळीपाळीने झाडतात. ताठ प्लास्टिकच्या केसांचा ब्रश, तारेचा कधीच नाही, आणि पाती ज्या बाजूला झोपली आहेत त्याच्या उलट दिशेने. पानं कुजण्याआधी उचलायची. कुजलेलं पान म्हणजे शेवाळाला खत. एवढं नियमाने केलं तर औषध क्वचितच लागतं.

पऱ्ह्याकाठ (२३ ऑगस्ट)

पाहणी झाली. दहावीच्या मुली मदतीला होत्या, वही त्यांनीच भरली.

बॅकिंग नखाने निघत नाही. झुपके पकडीने ओढूनही हलत नाहीत, क्रीज सोडून. क्रीजवरच्या पात्यांची पूड बोटाला लागते, बाकी ठिकाणी नाही.

दाण्यांची खोली: गोलसमोर १४ मिलिमीटर, मध्ये २५ ते २८, पूर्वेच्या जाळीकडे ४० पर्यंत. सुई मध्यभागी टोचताना वरचे दाणे मऊ लागतात आणि निम्म्यावर कटकन अडते, जणू भाकरीचा पापुद्रा. एक चौरस वीत जागा उकरली तेव्हा दिसलं: वर नवा रबर दाणा, मध्ये पुराच्या गाळाची सुकलेली पोळी, खाली जुनी वाळू. गाळ न काढता ठेकेदाराने त्यावर दाणा टाकला होता.

पाइपाचा प्रयोग: मध्यभागी टर्फवर अर्ध्या तासानंतरही निम्मं पाणी होतं. तिथलाच उसवलेला जॉइंट उचलून बेसवर केला तर साडेतीन मिनिटांत संपलं. पूर्वेकडे, पाणी बाहेर जायच्या चेंबरच्या बाजूला, बेसवरही पाणी हललं नाही. उतार तिकडेच आहे आणि बऱ्यापैकी आहे, मधून कडेपर्यंत अडीच इंच.

उसवलेल्या जॉइंटची पट्टी ओढली तर आख्खी हातात आली. तिच्यावरचा गम घावनासारखा, जाळीच जाळी. बहुतेक जूनमध्ये चिकटवला असणार.

खडीमुरूम (२३ ऑगस्ट)

इतकी नीट पाहणी मी पगारी माणसांकडूनही पाहिलेली नाही. मुलींना शाबासकी सांगा.

आता चित्र स्पष्ट आहे. मधला बेस चांगला आहे, त्याला हात लावू नका, तिथे फक्त गाळाची पोळी काढायची. पूर्वेकडे मात्र सगळं पाणी गाळ घेऊन जातं आणि चेंबरच्या तोंडाशी सोडतं. तिथली शेवटची तीन फूट रुंदीची पट्टी उचला, गाळाने बसलेली ग्रिट खरवडून काढा, नवी धुतलेली खडी आणि वर बारीक ग्रिट घाला, धुम्मस करून पूर्वीच्याच लेव्हलला आणा. डस्ट, म्हणजे दगडाची भुकटी मिसळलेली ग्रिट घेऊ नका, स्वस्त मिळते पण दोन पावसांत परत सिमेंटसारखी बसते. खाली सच्छिद्र पाइप असेल तर तो चेंबरकडून पाण्याने धुवून घ्या.

चेंबरमध्ये बारीक जाळीची टोपली बसवा आणि पूर्वेच्या कडेला जाळीच्या आतून आठ इंच उंच फळी लावा. दाणे शेतात जाणार नाहीत.

रोलवाला_ठाणे (२४ ऑगस्ट)

पूर्ण सहमत. त्या टोपलीतले आणि कडेचे दाणे फेकू नका, धुवून चाळून गोलसमोर परत घाला. तुमचे दाणे संपलेले नाहीत, पाण्याबरोबर सरकलेत. रबर दाणा आता जगातही अवघड होणार आहे. युरोपीय संघाने २०२३मध्ये नियम केला, ऑक्टोबर २०३१पासून तिथे असे मायक्रोप्लास्टिकचे दाणे टर्फसाठी विकता येणार नाहीत. आपल्याकडे अजून तसं नाही, पण आहे तो जपून वापरायची सवय लागलेली बरी. नारळाच्या काथ्याचा आणि बुचाचा दाणाही मिळतो. पण दोन्ही हलके, तुमच्या पावसात तरंगून जातील. तुमच्याकडे खाली वाळू भरपूर आणि वर थोडंच रबर हे बरं.

पाती ५० मिलिमीटरची असतील तर दाण्याच्या वर १५ मिलिमीटरच्या आसपास मोकळी दिसली पाहिजेत. गोलसमोर तुमची ३६ मोकळी आहेत. आधार नसलेली पाती झोपतात, मग तुटतात.

हाडवैद्य_नव्हे (२४ ऑगस्ट)

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दाणे कमी असलेल्या जागी फक्त पातीच नाही, गुडघे आणि डोकीही धोक्यात असतात. यंत्राशिवाय अंदाज घ्यायचा असेल तर हवा नीट भरलेला फुटबॉल दोन मीटर उंचीवरून सोडा. फिफाच्या साध्या दर्जासाठी तो ६० सेंटिमीटर ते १ मीटर उसळायला हवा. त्याहून जास्त उसळला तर जमीन टणक समजा.

आणि घसरून सोललेली कातडी लगेच साबणाने धुवायची, झाकायची. अमेरिकेत २००३च्या मोसमात एका अमेरिकन फुटबॉल संघातल्या पाच खेळाडूंना टर्फवर खरचटलेल्या जागी औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचा संसर्ग झाला होता. सामायिक टॉवेल हेही त्यामागचं एक कारण निघालं. तुमच्या मुलींना प्रत्येकीला आपला टॉवेल आणायला सांगा.

त्या मुलीचं प्लास्टर निघाल्यावर मनगटाचे व्यायाम चुकवू देऊ नका. काही विचारायचं असेल तर इथेच लिहा.

रोलवाला_ठाणे (६ ऑक्टोबर)

ताई, परतीचा पाऊस उघडला की लागाल कामाला, म्हणून आता जॉइंट आणि ठिगळाचं सविस्तर लिहितो. घाई करू नका, यात सगळी हातोटी आहे.

क्रीजच्या ठिगळासाठी नवीन तुकडा वापरू नका. नवं गवत उंच आणि ताठ असतं, चेंडू तिथे वेगळाच उडतो आणि खेळाडूचा पाय अडकतो. दक्षिणेच्या गोलच्या जाळीमागची, जिथे कोणी खेळत नाही तिथली पट्टी कापा. ती तुमच्या टर्फएवढंच ऊन-पाऊस खाल्लेली आहे. नवा तुकडा तिच्या जागी गोलमागे टाका.

कापताना टर्फ उलटं करा. मागे टाक्यांच्या सरळ ओळी दिसतात, दोन ओळींच्या मधून आकडी पात्याच्या कटरने कापायचं. ओळीवर कापलं की झुपके सुटतात. ठिगळाची पाती आणि मूळ पाती एकाच दिशेला झुकलेली हवीत, नाहीतर रात्री लाइटखाली चौकोन दिसत राहतो. जॉइंटवर दोन रोलमधल्या टाक्यांचं अंतर बाकीच्या ओळींइतकंच ठेवा. जास्त ठेवलं तर रेघ दिसते, आणि कडा एकमेकींवर दाबल्या तर उन्हात फुगून वर येतात.

कापण्याआधी आजूबाजूचे वीतभर दाणे पूर्ण काढून घ्या, वाळूचा एक कण गमात राहता कामा नये. जुन्या गमाचे पापुद्रे खरवडा. खाली फूटभर रुंद जॉइंट पट्टी अंथरा, खडबडीत बाजू वर. गम दातेरी पत्र्याने पसरा. डब्यावर दिलेला वेळ झाला, बोट लावल्यावर तार ओढली गेली की मग कडा सोडा, आधी नाही. एकाने पाती दोन्हीकडे वळवून धरायची, दुसऱ्याने दाबायचं. गमात अडकलेलं पातं परत निघत नाही. वर वाळूच्या गोण्या, चोवीस तास. पुढे दोन दिवस खेळ नाही.

वेळ महत्त्वाची. नोव्हेंबरात तुमच्याकडे सकाळी दव असतं. अकराच्या आत गमाचा डबा उघडू नका आणि तीनच्या पुढे नवीन जॉइंट धरू नका. फोमच्या दुकानातलं पिवळं सोल्यूशन कोणी सुचवेल, नको म्हणा. पहिल्या पावसात सुटतं.

दाणे भरताना आधी वाळू, मग रबर, आणि पातळ-पातळ थरांत. प्रत्येक थरानंतर ब्रश. एकदम ओतलं की पाती खाली गाडली जातात.

पऱ्ह्याकाठ (२३ नोव्हेंबर)

सगळ्यांना एकत्रच लिहिते. थोडं लांबेल.

पूर्वेची पट्टी दसऱ्यानंतर उचलली. खाली निळसर काळा गाळ होता, चार इंच, नदीचा वास येणारा. पुराला इतकी वर्षं झाली तरी तो वास आला आणि काम करणारी सगळीच माणसं थोडा वेळ गप्प झाली. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरात ते पाणी होतं. ट्रॉली भरून गाळ निघाला. खाचरवाल्या काकांनीच ट्रॅक्टर दिला, डिझेलचेही पैसे घेतले नाहीत.

मधली पोळी फोडायला सगळ्यात जास्त वेळ गेला. ताठ ब्रशने निघेना, तेव्हा भाताच्या पेंढ्या ओढायच्या लाकडी दाताळ्याने पात्यांच्या दिशेने हलकं हलकं ओढलं आणि सैल झालेलं सुपड्यात भरून चाळलं. मुली रोज सकाळी एक तास, अठरा दिवस. चाळणीवर रबर राहायचं, खाली गाळ. त्या गाळात बांगडीचा तुकडा निघाला, एक किल्ली निघाली.

जॉइंट आणि क्रीजची दोन ठिगळं ८ आणि ९ नोव्हेंबरला केली. पहिल्या ठिगळाची दिशा चुकली होती, गम लावण्याआधी लक्षात आलं म्हणून वाचलं. रोलवाला दादा, तुमचं ते लाइटखालचं वाक्य आठवलं आणि टॉर्च मारून बघितलं. शेवाळ जागच्या जागी वाळलं होतं ते झाडून काढलं, मग सलग उन्हाचे दिवस बघून बीकेसी एकदाच फवारलं. बदामाच्या तीन फांद्या छाटल्या. फळी आणि चेंबरची टोपली बसली.

आकडे: मध्यभागी पाइपातलं एक लिटर पाणी आता पाच मिनिटांत जातं. पूर्वेकडे चार. चेंडू गोलसमोर आधी १ मीटर १४ उसळला होता, आता ८८ सेंटिमीटर. दाणे सगळीकडे ३२ ते ३६.

तालुक्याच्या स्पर्धा हुकल्या. मुली नाराज होत्या, पण एकीनेही सराव आधी सुरू करा म्हटलं नाही. जिचं मनगट मोडलं होतं ती गेल्या सोमवारपासून येते. अजून गोलकीपिंग करू देत नाही, फिजिओताईंनी सांगितलेले व्यायाम चालू आहेत. दाण्यांची खोली मोजायची विणायची सुई आता तिच्याकडे आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वीस ठिकाणी मोजून वहीत लिहिते.

एक प्रश्न राहिलाय. क्रीजवरून कापून काढलेले झिजलेले दोन तुकडे पडून आहेत. गावात कोणी तरी जाळून टाका म्हणालं, मी नाही म्हटलं. यांचं काय करतात?

रोलवाला_ठाणे (२३ नोव्हेंबर)

जाळू नका, अजिबात नको. दाणे झटकून काढा, एक तुकडा उलटी बाजू वर करून दारात पायपुसणं म्हणून टाका, टर्फवर येणाऱ्याच्या चपलेची माती तिथेच राहील. दुसरा जपून ठेवा. पुढच्या दुरुस्तीला कोणी नवीन पोरगा शिकायला आला की त्याला आधी त्याच्यावर टाक्यांच्या ओळी बघून कापायला लावा.